माझे ५२ किलो, त्याचे ९४: आठ रविवारांचा ज्युदो वर्ग

आधी पैशांचं सांगते, कारण कुणाचाही अनुभव वाचताना मी पहिल्यांदा तेच शोधते. आठ रविवार, दर वेळी अडीच तास, फी ३,८०० रुपये. गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, स्वतःची नसेल तर भाड्याचे ३०० वेगळे. मी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. तिकीट आणि नाश्ता धरला तर खर्च जवळजवळ दुप्पट झाला. तरीही पैसे वसूल झाले. जे माझ्यासारखे हलक्या अंगाचे आहेत आणि ज्यांना सरावात नेहमी आपल्याहून मोठा माणूस वाट्याला येतो, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

वर्गाचं नाव देत नाही. सर एका वेळी बाराच जण घेतात, गर्दी नको म्हणतात आणि नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये मॅट अंथरून वर्ग भरतो, एवढं पुरे.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात काम करते. माझे वडील, आण्णा, कराडजवळच्या एका गावात तरुणपणी मातीत कुस्ती खेळायचे. त्या तालमीत बायकांनी पाऊल ठेवायचं नाही अशी रीत होती. मी मागच्या खिडकीच्या गजाला धरून बघायचे. हौदातल्या तांबड्या मातीला ताक, तेल, हळद घातलेला वास येतो, तो अजून नाकात आहे. लढायचं मनात होतं, पण संधी मिळाली चाळिशीनंतर.

पहिली संधी वाईट गेली. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी स्वसंरक्षणाच्या वर्गाला जात होते. तिथे शिकवणारे रोज सांगायचे, तंत्र असलं की वजनाने काही फरक पडत नाही. एका संध्याकाळी माझ्या दुपटीच्या माणसाने मला खाली घेतलं आणि पूर्ण अंग माझ्यावर टाकलं. डाव्या बाजूच्या बरगडीला तडा गेला. सहा आठवडे शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. दुखण्यापेक्षा राग त्या वाक्याचा होता. मी ते खरं मानून अंगावर घेतलं होतं.

म्हणून या वर्गाच्या पहिल्या दिवशी सर काय बोलतात इकडे माझं बारीक लक्ष होतं. त्यांनी आधी वजनकाटा मांडला. एकेकाला उभं केलं आणि फळ्यावर आकडे लिहिले. सगळ्यात वर ९४, सगळ्यात खाली ५२, म्हणजे मी. मग म्हणाले, "वजनाने फरक पडतो. पडत नसता तर बायकांच्या ज्युदोत ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ आणि त्यापुढचा असे सात गट कशाला केले असते? फरक पडतो हे मान्य करा, मग त्यावर काय करता येतं ते बघू." मी तिथेच ठरवलं की आठही रविवार यायचं.

त्यांनी लगेच तोशिहिको कोगाचं उदाहरण दिलं. ७१ किलो गटातला हा खेळाडू १९९० साली अखिल जपान स्पर्धेत उतरला. त्या स्पर्धेत वजनाचे गट नसतात. एकेक मोठ्या माणसाला मागे टाकत तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे नाओया ओगावाकडून हरला. ओगावाचं वजन १३० किलोच्या आसपास. दोन वर्षांनी कोगाने दुखऱ्या गुडघ्यानिशी बार्सिलोना ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं, पण आपल्या गटात. इसाओ ओकानो ८० किलोच्या आसपासचा, त्याने तीच खुली स्पर्धा १९६७ आणि १९६९ साली जिंकली. सर म्हणाले, दोघांची नावं जवळ ठेवा. फक्त जिंकलेल्याची गोष्ट सांगणारा गुरू तुम्हाला मार खायला लावतो.

पहिले दोन रविवार फक्त पडणं आणि पकड. काहींना कंटाळा आला, एक जण तर तिसऱ्या आठवड्यापासून आलाच नाही. मला विचाराल तर सगळ्या फीचं मोल या दोन रविवारांत आहे.

मोठ्या माणसाचा हात एकदा तुमच्या मानेमागे किंवा पाठीवरून पट्ट्यापर्यंत पोचला की पुढचं सगळं त्याच्या हातात जातं. तुमचं डोकं खाली जातं, नजर मॅटवर जाते, कंबर मागे राहते. मग तो नुसता उभा राहिला तरी तुम्ही दमता, कारण त्याचा हात तुम्ही मानेवर वाहत असता. म्हणून हलक्याचं पहिलं काम म्हणजे तो हात पोचू न देणं. त्याचा उजवा हात येतोय, तर माझा डावा हात त्याच्या बाहीवर आधी. बाहीच्या तोंडात बोटं घालायची नाहीत, ते नियमात बसत नाही. बाहेरून कापडाची घडी मुठीत धरायची आणि करंगळी, अनामिका या दोन बोटांनी आवळायची. अंगठा आणि तर्जनी सैलच. मी सवयीने अंगठ्याने जोर लावायचे आणि अर्ध्या मिनिटात माझा हात दगडासारखा व्हायचा. सरांनी माझी मूठ आपल्या हातात घेऊन एकेक बोट उघडून परत बसवलं. त्या रविवारी घरी जाताना एसटीत मी ओढणीचं टोक धरून तेवढंच करत होते.

बाही मिळाली की समोर थांबायचं नाही. त्याच्या उजव्या हाताच्या बाहेरच्या अंगाला सरकायचं. त्याला वळावं लागतं, आणि वळायला पाऊल उचलावं लागतं. ९४ किलोचा माणूस दोन पायांवर उभा असेल तर मी त्याला हलवू शकत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. पण तो पाऊल उचलतो तेव्हा तेवढ्या क्षणापुरतं सगळं वजन एका पायावर असतं, आणि टेकत असलेल्या दुसऱ्या पायाखालची जमीन अजून त्याची झालेली नसते. देआशी-बाराई हा डाव त्याच क्षणाचा आहे. टेकायला आलेलं पाऊल तळव्याने झाडून न्यायचं, कचरा बाजूला करावा तसं. लवकर मारलं तर पाय हवेत जातो, उशीर झाला तर खांबाला लाथ मारल्यासारखं लागतं. माझ्या उजव्या पायाच्या करंगळीवर तीन आठवडे निळा डाग होता.

आमचा ९४ किलोवाला म्हणजे कंपनीत नोकरी करणारा, पंचविशीतला मुलगा. त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर हा अभिप्राय अपुरा राहील. सरांनी जितका वेळ आम्हा हलक्यांना दिला तितकाच त्याला दिला. खाली नेताना गुडघा आणि हात आधी टेकवून आपलं वजन स्वतः कसं झेलायचं, समोरच्याची बाही शेवटपर्यंत कशी धरून ठेवायची, हे त्याच्याकडून दहादहा वेळा करून घेतलं. त्या आधीच्या वर्गात माझी बरगडी गेली ती त्या माणसाच्या दुष्टपणाने नव्हे. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. तुम्ही कुठेही वर्ग बघायला गेलात तर आधी एकच बघा, सगळ्यात जड माणसाला काय शिकवतायत.

काय करू नये, हेही स्पष्ट सांगितलं गेलं. ओसोतो-गारीचा, म्हणजे समोरच्याचा पाय मागून झाडून पाडायच्या डावाचा, मोह आम्हा सगळ्यांना होतो, कारण तो सोपा दिसतो. पण त्यासाठी त्याच्या छातीला छाती लावून उभं राहावं लागतं, आणि तो जागचा हलला नसेल तर तोच पाय फिरवून तो तुम्हाला पाडतो. स्वतः पाठीवर पडून पायाने उडवायचा तोमोए-नागेही तसाच, बसला तर सुंदर, फसला तर तुम्ही आपणहून खाली गेलेले असता. आणि "मोठा माणूस लवकर दमतो, तोवर पळत राहा" हा सल्ला सरांनी साफ खोडून काढला. आमचा मुलगा रोज पाच किलोमीटर धावतो. तो दमेल म्हणून थांबले असते तर मीच आधी संपले असते.

पाचव्या रविवारी जे झालं ते मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

सरांनी ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांची हकिगत सांगितली. कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा त्यांनी १८८२ साली टोकियोत सुरू केली, पण ही गोष्ट त्याआधीची, ते स्वतः शिष्य असतानाची. अंगाने अगदी लहानखुरे. त्यांच्याच गुरूकडे फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड जोडीदार होता आणि तो यांना काही केल्या आटपत नव्हता. आधी त्यांनी सुमोतले डाव करून पाहिले, ते चालले नाहीत. मग पाश्चात्त्य कुस्तीवरच्या एका पुस्तकात एक डाव सापडला, तो जमवला आणि त्याने फुकुशिमाला पाडलं. तोच पुढे काता-गुरुमा झाला. एवढं सांगून सरांनी एका मुलाला पुढे बोलावलं आणि डाव करून दाखवला. डाव्या हाताने त्याची उजवी बाही ओढून धरली, डोकं काखेखालून घातलं, उजवा हात मांडीच्या आतून गेला आणि माणूस खांद्यांवर आडवा.

मी मोठ्याने म्हणाले, "ही तर कलाजंग आहे!"

हॉलमध्ये सगळे वळून बघायला लागले. मला खिडकीचे गज आठवले. आण्णा असाच एकेकाला खांद्यावर घेऊन मातीत टाकायचे. तिकडे गावच्या मैदानात वजनाचा काटा नसतो, पंच नजरेने जोड लावतात, आणि नजर चुकली की हलक्याला जड माणूस येतोच. आमच्या भागातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्य जिंकून आले. लहान चणीचे, पण त्यांचा ढाक हा डाव असा बसायचा की भलेभले चीत व्हायचे. आण्णांची सगळी पिढी त्या नावावर वाढली. ढाक आणि कलाजंग ही दोन नावं आमच्या घरात भाजीच्या नावांसारखी ऐकू यायची. टोकियोतल्या एका बारक्या मुलाने मोठ्या माणसावर शोधलेलं उत्तर तेच होतं, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सरांनी मला पुढे बोलावलं. उभ्याने उचलायचं नाही, असं बजावलं. माझ्या वजनाला आणि वयाला ते पाठीवर आणि गुडघ्यांवर येईल. गुडघ्यांवर बसून करायचं. आणखी एक नीट सांगितलं, की आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१० पासून पायाला हात घालण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, म्हणून स्पर्धा खेळणाऱ्यांनी हा डाव असा लढतीत वापरायचा नाही. आमच्यात स्पर्धेला जाणारं कुणी नव्हतं.

पहिल्या सहा वेळा काहीच झालं नाही. मी खाली शिरायचे आणि ९४ किलो माझ्या मानेवर बसायचे. त्या रात्री साताऱ्याला पोचल्यावर आण्णांना विचारलं. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, खुर्चीतून फारसे उठत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू त्येला उचलाय बघतीस. उचलायचा न्हाई गं. त्यो म्होरं यील तवा खाली शिरायचं, मंग त्यो आपसूक वघळतो. पोतं खांद्यावरनं सोडतात तसं."

सहाव्या रविवारी मी बाही ओढली नाही, उलट थोडी ढकलली. तो ढकलण्याला उत्तर म्हणून पुढे आला, कुणीही येतोच. त्याच्या टाचा मॅटवरून सुटताना मला दिसल्या, पांढऱ्या, बोटभर. मी तेव्हा शिरले. खांद्यावर वजन आलं ते क्षणभर आलं आणि निघून गेलं, आणि तो माझ्या डाव्या बाजूला पाठीवर होता. त्याची बाही माझ्या मुठीत होती. तो आडवा पडूनच म्हणाला, "ताई, परत करा, आत्ता मला कळलंच नाही." परत केलं तेव्हा जमलं नाही. त्या दिवशी वीस प्रयत्नांत तीनदा जमलं. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत.

जमिनीवरचं काम शेवटच्या दोन रविवारी, ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवणाऱ्या एका पाहुण्या मॅडमनी घेतलं. फार चांगलं घेतलं, पण वेळ कमी पडला. मोठ्या माणसाखाली पाठ सपाट टेकली की श्वास जातो, हे मला बरगडीच्या वेळेपासून माहीत होतं. त्यांनी शिकवलं की पाठ टेकूच द्यायची नाही, कुशीवर राहायचं, कोपर आणि गुडघा एकमेकांजवळ ठेवायचे, एका हाताची कोपरापुढची बाजू त्याच्या मानेला आडवी लावायची. ती ढकलायची नाही, दाराला अडसर लावतात तशी नुसती लावायची. हाताने त्याला ढकललं तर माझा हात दुमडतो. अडसर लावून स्वतःची कंबर मागे सरकवली तर मधे जागा होते आणि गुडघा आत येतो. या हालचालीला सगळे श्रिंप म्हणतात. आणि मिळाली तर त्याची पाठ घ्यायची, कारण पाठीवर असलेल्या माणसावर तो आपलं वजन टाकू शकत नाही.

त्यांनी रॉयस ग्रेसीचं १९९४ चं उदाहरण दिलं. ८० किलोंच्या आसपासचा ग्रेसी, समोर सुमारे ११८ किलोंचा कुस्तीगीर डॅन सेव्हर्न. ग्रेसी पंधरा मिनिटं खाली होता आणि शेवटी पायांच्या त्रिकोणात मान धरून जिंकला. मला त्यातली पंधरा मिनिटं लक्षात राहिली. एवढा वेळ खाली राहून तो घाबरला नव्हता. घाबरायचं नाही म्हणजे काय, तर पोटाने छोटे श्वास घ्यायचे आणि एका वेळी एकच गोष्ट करायची, आधी मान, मग कोपर, मग कंबर. मॅडमनी पहिल्याच मिनिटात टॅप, म्हणजे हार मानल्याची खूण, करायला लावलं, काहीही होत नसताना, नुसता हात दोनदा थोपटायला. टॅप करताना लाज वाटू नये म्हणून. मला ते फार पटलं.

आता तक्रारी. मॅटच्या तुकड्यांमध्ये फटी पडतात आणि दर अर्ध्या तासाने त्या सरकवून जुळवाव्या लागतात. एका मुलीचा अंगठा अशाच फटीत अडकून मुरगळला. प्रथमोपचाराच्या डब्यात त्या दिवशी क्रेप बँडेज नव्हतं, ते मी माझ्या पिशवीतून दिलं. पुढच्या रविवारी डबा भरलेला होता, हेही सांगायला हवं. बायकांना कपडे बदलायला स्टोअररूम आहे, तिला आतून कडी नाही. आम्ही चौघी होतो, एकमेकींसाठी दाराशी उभ्या राहायचो. ३,८०० रुपये घेणाऱ्या वर्गाने कडी बसवायलाच हवी, आणि मी हे सरांना तोंडावर सांगितलं आहे. जमिनीवरच्या भागाला दोन रविवार कमी आहेत, निदान तीन हवेत. ठोसे आणि लाथा इथे शिकवत नाहीत, तेव्हा ज्यांना तेच हवं आहे त्यांनी दुसरीकडे बघावं. पन्नाशीपुढच्यांनी गुडघे तपासून घेऊन यावं.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाला चार मिनिटांचा एक राउंड. मी त्यालाच मागितलं. त्याने मला दोनदा पाडलं, एकदा वीसेक सेकंद दाबून धरलं. मी एकदा त्याचं पाऊल झाडलं, तो एका गुडघ्यावर आला आणि मी त्याच्या पाठीवर गेले. तिथे राहता आलं फक्त सात-आठ सेकंद. कलाजंग बसली नाही, त्याने ती ओळखून कंबर मागे नेली. चार मिनिटं संपली तेव्हा माझी बरगडी शाबूत होती आणि मला अजून एक राउंड हवा होता.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. मी परत नाव घातलं आहे, आणि दुकानातली सहकारी आपल्या मुलीला घेऊन माझ्याबरोबर येणार आहे.

त्या रात्री घरी पोचले तेव्हा आण्णा जागे होते. म्हणाले, करून दाखव. घरात तांदळाचं तीस किलोचं पोतं होतं, ते भाच्याने उभं धरलं. मी गुडघ्यावर बसून शिरले. आण्णांनी खुर्चीतून वाकून काठीचं टोक माझ्या उजव्या कोपराला लावलं आणि आत ढकललं. "हितं," म्हणाले. "आता सोड."